आकडे झाकून वाचायचे उदाहरण

शाळेतल्या गणिताच्या तासाला अंगवळणी पडलेली एक रीत या अंकात लिहून ठेवतो. आज त्याच वर्गांत शिकवणाऱ्यांना ती उपयोगी पडावी, एवढीच इच्छा.

शाब्दिक उदाहरण फळ्यावर येई तेव्हा आकड्यांच्या जागा कोऱ्या असत. पेन्सिल खाली ठेवून नुसता मजकूर वाचायचा. कोणाजवळ काय होते, काय बदलले, विचारले काय आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले की मग आकडे भरले जात. आकडे आधी दिसले की मुलांचे वाचणे तिथेच थांबते. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी. अशा खुणेच्या शब्दांवरून क्रिया ठरवायला शिकवणे मला घातक वाटते. 'मीनाकडे 18 मणी आहेत. ते रघूकडच्या मण्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत. रघूकडे किती?' इथे 'जास्त' वाचून 23 लिहिले जातात. मीनाची लांब आणि रघूची आखूड अशा दोन पट्ट्या काढून फरकाच्या तुकड्यावर 5 लिहिले, की 13 समोर दिसतात.

वरच्या वर्गांत घोळ होतो तो 'मानू' या ओळीत. 'श = शिक्षक, व = विद्यार्थी' लिहिले की अक्षर संख्येऐवजी माणसासाठी उभे राहते, आणि 'दर शिक्षकामागे 30 विद्यार्थी' याचे श = 30व होऊन बसते. 'श = शिक्षकांची संख्या' असे पूर्ण लिहायला लावावे, मग श = 2 घालून पाहावे. विद्यार्थी 60 यायला हवेत, म्हणून व = 30श.

समीकरण न शिकलेल्यांसाठी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले (1150) इष्टकर्म, म्हणजे सोयीची संख्या मानून उत्तर काढायची रीत, फार सुंदर आहे. कमळांच्या राशीतला तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा भाग वाहिला, 6 कमळे उरली. चारही छेदांनी भाग जाणारी 60 ही संख्या मानायची. 20, 12, 10 आणि 15 गेली, उरली 3. हवीत 6, म्हणजे दुप्पट, कमळे 120. सगळे भाग मूळ राशीचेच आहेत म्हणून हे जमते. मध्ये 'आणखी 4 कमळे दिली' असे आले की नुसत्या पटीने उत्तर येत नाही, हेही मुलांना करून दाखवावे.

पडताळा समीकरणात नव्हे, मूळ मजकुरात घ्यायचा. समीकरणच चुकले असेल तर चुकीचे उत्तरही त्यात चपखल बसते. अमेरिकेतल्या 1983 च्या राष्ट्रीय चाचणीत 1128 सैनिक आणि एका बसमध्ये 36 जण असे उदाहरण होते. बऱ्याच मुलांनी भागाकार बरोबर केला आणि उत्तर लिहिले, '31, बाकी 12'. बस 32 लागतात.

भागाकाराच्या धड्याखाली सगळी भागाकाराचीच उदाहरणे असली, तर वाचायची गरजच उरत नाही. म्हणून मधूनमधून मागच्या धड्यांची मिसळ द्यावी. त्यात एखादे अपुऱ्या माहितीचे असावे, आणि 'हे सुटत नाही, अमुक कळायला हवे' या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.