फॉर्म २७ आणि औषधाची किंमत

मुक्त व्यापार करार झाला की बातम्यांत गाजतं ते स्कॉच आणि मोटारींवरचं आयात शुल्क. औषधांचा मजकूर बौद्धिक संपदेच्या प्रकरणात असतो आणि तिथवर फारसं कुणी जात नाही. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यातलं तेरावं प्रकरण काढून बघा. पेटंटची मुदत वीस वर्षांपुढे वाढवा, असं त्यात कुठेही नाही. आहे ते एवढंच, की पेटंट प्रत्यक्ष वापरात आणलं की नाही याची माहिती कंपनीकडून मागायची तर तीन वर्षांतून एकदा, त्याहून लवकर नाही. आणि औषधं लोकांपर्यंत पोचवायचा श्रेयस्कर मार्ग म्हणजे ऐच्छिक परवाना, म्हणजे मूळ कंपनीने दुसऱ्या कंपनीला आपखुशीने दिलेली औषध बनवायची परवानगी. दोन्ही वाक्यं साधी वाटतात. माझ्या मते रुग्णांना सगळ्यात महाग पडणार आहेत ती हीच.

ते कसं, हे सोराफेनिबच्या प्रकरणावरून नेमकं कळतं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं हे औषध. बायर या मूळ पेटंटधारक कंपनीच्या १२० गोळ्या, म्हणजे महिन्याचा डोस, २,८०,४२८ रुपयांना होत्या. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे बायरच्या संमतीशिवाय ते औषध बनवायची परवानगी, दिला आणि तेवढ्याच गोळ्यांची किंमत ८,८८० रुपये ठरवून दिली. बायरला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन, जे पुढे अपिलात सात टक्के झालं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. भारतात आजवर औषधासाठी मिळालेला हा एकमेव सक्तीचा परवाना.

पेटंट कायद्याच्या कलम ८४ नुसार असा परवाना मागायला पेटंट मिळून तीन वर्षं व्हावी लागतात. आधी मूळ कंपनीकडे ऐच्छिक परवाना मागून बघावा लागतो. सहा महिन्यांत जमलं नाही की मग अर्ज. अर्जात तीनपैकी एक तरी गोष्ट सिद्ध करायची: लोकांची गरज भागत नाही, किंमत परवडत नाही, किंवा पेटंट भारतात वापरात आणलेलं नाही. सिद्ध करायला पुरावा लागतो. तो कंपनीच्या स्वतःच्या सहीने मिळण्याची जागा म्हणजे फॉर्म २७. किती माल बनवला, किती आयात केला, केवढ्याचा विकला, हे तेव्हा दरवर्षी त्यात भरावं लागायचं. बायरने २००८ मध्ये औषध आयातच केलं नव्हतं आणि पुढेही मोजक्याच बाटल्या आणल्या होत्या. हजारो रुग्णांच्या देशात ही आकडेवारी समोर आल्यावर ‘गरज भागते आहे’ असं म्हणायला जागाच उरली नाही.

आता तारखा आजच्या नियमांत बसवून बघू. बायरला पेटंट मिळालं ३ मार्च २००८ ला, म्हणजे २००७-०८ या आर्थिक वर्षात. आजच्या नियमाप्रमाणे फॉर्म २७ तीन वर्षांतून एकदाच भरायचा असतो आणि मोजणी पुढच्या आर्थिक वर्षापासून सुरू होते. तीन वर्षं संपतात ३१ मार्च २०११ ला आणि फॉर्म भरायला वर सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबर २०११. नॅटकोने अर्ज केला २९ जुलै २०११ ला. तेव्हा आजचा नियम असता, तर त्या दिवशी एकही फॉर्म २७ भरणं कंपनीवर बंधनकारक नव्हतं! शिवाय फॉर्मही आक्रसत गेला आहे. २०२० च्या दुरुस्तीत मालाची संख्या गेली, २०२४ च्या दुरुस्तीत विक्रीचं मूल्यही गेलं.

म्हणजे तीन वर्षांचा नियम भारताने ब्रिटनच्या कराराआधीच, २०२४ मध्ये केला होता, मग कराराने बिघडलं काय? नियम अधिसूचना काढून बदलता येतो. उद्या एखाद्या सरकारला दरवर्षी माहिती मागावीशी वाटली, तर कालपर्यंत तेवढं पुरत होतं. आता ब्रिटनला दिलेला शब्द आड येईल. आणि ट्रिप्सच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराच्या, चौथ्या कलमामुळे बौद्धिक संपदेत एका देशाच्या लोकांना दिलेली सवलत सगळ्याच सदस्य देशांच्या लोकांना द्यावी लागते, तेव्हा हा प्रश्न फक्त ब्रिटिश कंपन्यांपुरता राहत नाही.

ऐच्छिक परवान्याबद्दल थोडक्यात: तो वाईट नसतो, पण अटी मूळ कंपनी ठरवते. कुठल्या देशांत विकायचं, कच्चा माल कुणाकडून घ्यायचा, सगळं तीच सांगते. समोर सक्तीच्या परवान्याची शक्यता खरी असेल तरच त्या अटी सैल होतात. जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने २००१ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे, की सक्तीचा परवाना कोणत्या कारणासाठी द्यायचा हे ठरवायला प्रत्येक देश मोकळा आहे.

स्वस्त औषधाचा दुसरा दरवाजा पेटंट मिळण्याआधीचा. कलम २५(१) खाली कुणीही, अगदी रुग्णसुद्धा, अर्जाला विरोध करू शकतो. बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होतं. त्याच्या फ्युमरेट क्षारासाठी जॉन्सन अँड जॉन्सनने केलेला वेगळा अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयरोगावरच्या जुन्या औषधांनी ऐकू येणं गेलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये विरोध नोंदवला आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जेनेरिक बाजारात येणार म्हटल्यावर जागतिक औषध पुरवठा यंत्रणेसाठी (ग्लोबल ड्रग फॅसिलिटी) सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत २८९ डॉलरवरून १३० वर आली.

या दरवाजावरही कराराची सावली आहे. एफ्टा, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन, यांच्याशी १० मार्च २०२४ ला करार झाला आणि १५ मार्चला पेटंटचे नवे नियम आले. विरोधाला आधी शुल्क नव्हतं, आता आहे. विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवणार आणि मगच तो पुढे जाणार.

म्हणून विरोधाचा अर्ज पहिल्याच वाचनात टिकेल असा हवा. पेटंट अर्ज प्रसिद्ध झाल्यावर किमान सहा महिने मंजुरी मिळू शकत नाही, तेवढा वेळ हमखास हातात असतो. पेटंट कार्यालयाच्या शोधयंत्रात औषधाच्या व्यापारी नावाने बहुधा काही सापडत नाही. रासायनिक नाव आणि कंपनीचं नाव टाकून शोधा, क्षार आणि स्फटिकरूपांचे अर्ज वेगळे काढा. विरोध फॉर्म ७अ वर करायचा. परिणामकारकता वाढल्याशिवाय जुन्या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(ड) चा मुद्दा घेताना नुसतं ‘हे जुनंच औषध आहे’ लिहून भागत नाही. कोणत्या आधीच्या दस्तऐवजात कोणत्या पानावर तेच संयुग आहे हे दाखवावं लागतं, आणि नव्या रूपाने उपचारातली परिणामकारकता वाढल्याचा पुरावा अर्जात नाही हेही. पुरावे पहिल्याच दिवशी जोडा आणि सुनावणीची मागणी त्याच अर्जात लेखी करा.