आमची वाटचाल: लायनरपासून बूस्टरपर्यंत

नागपुरात आमचं ब्रेकचं दुकान सुरू झालं तेव्हा काम साधं होतं. लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) रिव्हेट करायचे, ड्रम लेथवर घ्यायचे, व्हील सिलेंडरला नव्या सीलचं किट टाकायचं. गाड्या म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, क्वचित एखादी स्टँडर्ड हेराल्ड. पुढे पद्मिनी बंद झाली, २०१४ मध्ये अ‍ॅम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना थांबला आणि या गाड्या हौशी मालकांकडे गेल्या. हा मालक आठवडाभर नवी गाडी चालवतो, रविवारी जुनी बाहेर काढतो आणि सिव्हिल लाइन्सच्या पहिल्याच सिग्नलला त्याचा पाय अवघडतो. ‘बूस्टर बसवून द्या’ ही मागणी तिथून आली. आज दुकानाची ओळखच ती झाली आहे.

बूस्टर म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने (हवा ओढण्याने) पेडलचा जोर वाढवणारा डबा. पण बूस्टर ब्रेक सुधारत नाही, फक्त पायाचा जोर वाचवतो. लायनर चकाकलेले, ड्रम ओव्हल किंवा होज (रबरी पाइप) आतून फुगलेला असेल, तर बूस्टर लावल्यावर तोच दोष दुप्पट जोमाने दिसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. म्हणून चारही चाकं उघडून ब्रेक धड करायचे, बूस्टरचं नंतर. हे ऐकून काही गिऱ्हाइकं परत जातात. जाऊ द्यावीत.

त्यानंतर व्हॅक्यूम गेज. चांगल्या पेट्रोल इंजिनाला आयडलवर १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम मिळायला हवा, असं मॅन्युअल सांगतात. ते आकडे समुद्रसपाटीचे. नागपूर ३१० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथे साधारण एक इंच कमी धरायचा. १५ च्या खाली काटा असेल तर आधी टॅपेट, टायमिंग आणि कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट बघायचं. बूस्टरमधला ७ इंची डायफ्रॅम (रबरी पडदा) १८ इंच व्हॅक्यूमवर जास्तीत जास्त १५० किलोच्या आसपास जोर देतो. व्हॅक्यूम घसरला की तोही त्याच प्रमाणात घसरतो.

मास्टर सिलेंडरचा, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणाऱ्या सिलेंडरचा, बोअरही (आतला व्यास) तपासतो. पाऊण इंचाच्या जागी ७/८ चा बसवला तर पेडल कमी खाली जातं, पण त्याच जोराला दाब २६ टक्क्यांनी कमी मिळतो. बूस्टरने कमावलेलं तिथे जातं.

पेडल आणि मास्टर सिलेंडरमध्ये जागा नसेल, तर पाइपलाइनच्या मध्ये बसणारा वेगळा बूस्टर, म्हणजे सर्व्हो, वापरतो. त्याचं आउटलेटचं तोंड वरच्या बाजूला हवं, नाहीतर आत अडकलेली हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही. डबल सर्किट (ब्रेक ऑइलच्या दोन स्वतंत्र लाइन) असेल तर असा एक सर्व्हो एकाच सर्किटला मदत करतो, हे मालकाला आधीच सांगितलेलं बरं. व्हॅक्यूमचा होज जाड, व्हॅक्यूमसाठीचाच घ्यायचा. पेट्रोलचा पाइप गरम झाला की आत चिकटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून हवा इंजिनाकडेच जायला हवी. तोंडाने फुंकून दिशा कळते.

पाइपच्या नटांचे आटे नीट बघा. ३/८ यूएनएफचा (इंची आट्यांचा) नट १० मिमी मेट्रिक भोकात सैलसर का होईना फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोराने ब्रेक दाबला की आटे सोडतो.

मास्टर सिलेंडरला थेट बसणाऱ्या बूस्टरचा सगळा खेळ पुशरॉडच्या (सिलेंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याच्या) गॅपवर. रॉडचं टोक आणि मास्टर सिलेंडरचा पिस्टन यांत साधारण अर्धा मिमी मोकळा हवा. जास्त असेल तर पेडल पोकळ खाली जातं. अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. सकाळी गाडी ठीक चालते. ऑइल तापून फुगलं की दाब अडकतो, लायनर घासतात, ऑइल आणखी तापतं. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वर्धा रोडवर उभी राहिलेली गाडी बहुतेक यातलीच. डेप्थ गेज नसेल तर रॉडच्या टोकावर मऊ क्ले लावून मास्टर सिलेंडर बसवायचा, परत काढायचा आणि दबलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजायची. काही बूस्टरांचं माप व्हॅक्यूम लावून घ्यावं लागतं, कारण व्हॅक्यूमखाली डबा थोडा आत दबतो.

हवा काढताना इंजिन बंद ठेवून, पेडल चार-पाच वेळा मारून व्हॅक्यूम संपवायचा, मगच सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, सीलबंद डब्यातलं. नंतर पेडल दाबून धरून इंजिन चालू करायचं: पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. दाबलेलं ठेवूनच इंजिन बंद करा; अर्धा मिनिट पेडल जागचं हलता कामा नये. शेवटची फेरी सेमिनरी हिल्सच्या उतारावर, कारण बाकी शहर सपाट.

ब्रेक पकडून राहिला तर व्हॅक्यूमचा होज काढा. चाकं सुटली तर दोष सर्व्होच्या एअर व्हॉल्व्हमध्ये, बहुधा गंज किंवा फिल्टरमधली धूळ. नाही सुटली तर मास्टर सिलेंडरचे नट दोन आटे सैल करा. आता सुटली तर पुशरॉड लांब आहे. तरीही नाही, तर पाइप, होज आणि चाकं तपासा. बाहेर कुठेही गळती नाही, तरी टाकीतलं ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? सर्व्होचं सील गेलं आहे आणि इंजिन ब्रेक ऑइल ओढतंय. व्हॅक्यूम होज आतून ओला असेल तर शंकाच नको.

डिझेल अ‍ॅम्बेसेडरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतच नाही, कारण थ्रॉटल नाही; तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. ५० वर्षांपुढची गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर चासी आणि बॉडी मूळची राहायला हवी, म्हणून आम्ही ब्रॅकेट वेल्ड करत नाही, असलेल्या भोकांतच बसवतो.

दुरुस्तीसाठी नुसता बूस्टर काढून आणू नका. पुशरॉड, स्पेसर आणि मास्टर सिलेंडर सोबत आणा, त्याशिवाय गॅपचं माप घेता येत नाही.