टॉवर, एक्स-रे आणि आईची उलटतपासणी

लहान मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला की नातेवाईक आधी आईलाच धरतात, गरोदरपणी मोबाइल जास्त वापरलास का, मायक्रोवेव्हमधलं खाल्लंस का, घराजवळ टॉवर आहे का. डोकंच फिरतं माझं. आजूबाजूच्या गोष्टींचा काहीच संबंध नाही असं नाहीये, पण जे पक्कं माहितीये ते कोणी विचारतच नाही.

पक्कं म्हणजे एक्स-रे, अणुबॉम्ब यातलं रेडिएशन, जे डीएनए तोडतं. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या मुलांमध्ये काही वर्षांतच ल्युकेमिया वाढला. १९५६ मध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना जाऊन साधे प्रश्न विचारले, तर पोटात असताना एक्स-रे काढलेल्या मुलांना धोका जास्त निघाला, आणि बाकीच्या डॉक्टरांनी ते कित्येक वर्षं मानलंच नाही! आताच्या सोनोग्राफीत हे रेडिएशन नसतंच, तेव्हा तिला उगाच घाबरू नका. मोबाइल टॉवरच्या लहरींमध्येही डीएनए तोडण्याइतका जोर नसतो.

विजेच्या तारांचं प्रकरण जरा अडकलेलंय. ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर चुंबकीय क्षेत्र असलेल्या घरांत धोका साधारण दुप्पट दिसला, म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला 'कदाचित कारण असेल' अशा यादीत टाकलं. पण दुप्पट म्हणजे किती ते बघा ना, वर्षाला लाखात चार मुलांच्या जागी आठ, आणि एवढं क्षेत्र असलेली घरं मुळात थोडीच.

पेट्रोल आणि सिगारेटच्या धुरातल्या बेंझीन या रसायनाने मोठ्यांना ल्युकेमिया होतो हे सिद्धच आहे, मुलांबाबतचा पुरावा त्यामानाने कच्चा. घरातल्या कीटकनाशकांच्या फवाऱ्याचाही संबंध अभ्यासांत दिसतो. टाळता येतं तेवढं टाळा, पण एखाद्या मुलाकडे बोट दाखवून 'ह्याला त्यामुळेच झालं' असं कोणीही सांगू शकत नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते रक्ताच्या ठिपक्यांचं. बाळ जन्मल्यावर टाचेला टोचून कागदावर थेंब घेतात ना, ते जपून ठेवलेले कागद मेल ग्रीव्ह्ज या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या टीमने तपासले, तर पुढे आजारी पडलेल्या काही मुलांच्या रक्तात जनुकातला बिघाड जन्मतःच होता. असा बिघाड असलेल्या बहुतेक मुलांना आजार होतच नाही, नंतर आणखी एक धक्का लागतो. ग्रीव्ह्ज म्हणतात की पहिल्या वर्षात साध्या जंतूंशी ओळख न झालेल्या मुलांना तो पुढच्या एखाद्या इन्फेक्शनने बसत असावा, आणि लहानपणी पाळणाघरात गेलेल्या मुलांमध्ये धोका थोडा कमी दिसतो ते याच्याशी जुळतं. आता यात आईने काय खाल्लं ते कुठे आलं?