वीस सेकंद हलायचं नाही

काल रात्री आईने सगळ्यांना दीड वाजता उठवलं. भंडारदरा, एप्रिलची अमावस्या, आणि हिची हाक: "उठा रे, विंचू वर आलाय!" बायकोने दचकून पांघरूणच झटकलं. वृश्चिक रास म्हणायचं होतं तिला.

रिटायर झाल्यावर आईने कॅमेरा घेतला तेव्हा मला वाटलं, महिन्याभराचं खूळ. आता चंद्र कधी मावळणार हे भिंतीवरच्या कालनिर्णयाआधी तिला ठाऊक असतं. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीन, रबरबँड लावून. पांढरा उजेड पडला की डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, परत यायला २०-३० मिनिटं जातात. (हे चारदा ऐकवून झालंय.)

लेन्स २४ मिलिमीटरची. ताऱ्यांच्या फोटोंचा ठोकताळा म्हणजे ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर; ५०० भागिले २४, म्हणजे साधारण २० सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं राहिलं तर पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघोट्या होतात. वर तांबूस ज्येष्ठा, खाली नांगीतलं मूळ, आणि त्याच्या बाजूला तो दुधाळ पट्टा सगळ्यात दाट. आकाशगंगेचं केंद्र तिकडेच.

मग फॅमिली फोटो. "वीस सेकंद कुणी हलायचं नाही!" लेकीला मधेच डास चावला आणि ती पळाली. फोटोत आम्ही सगळे काळ्या सावल्या, आणि ती चक्क पारदर्शक, अंगातून मागचे तारे दिसतायत. बाबा मात्र एकदम शार्प. खुर्चीत झोपले होते ना.

मी म्हटलं, परत काढूया. आई ट्रायपॉड आवरायलाही लागली होती. "राहू दे रे, हाच मस्त आलाय."