फक्त सकाळी विझणारा गीझर

थंडी सुरू झाली की ठाण्यात गॅस गीझरच्या तक्रारी वाढतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे कारण पहिल्या काही मिनिटांतच सापडते. सेल उतरलेले असतात, पाण्याच्या जाळीत गाळ अडकलेला असतो, किंवा डायफ्रामचे रबर कडक होऊन पाण्याच्या दाबाने हलेनासे झालेले असते. घोडबंदर रस्त्यावर वाघबीळजवळच्या एका इमारतीतून आलेली तक्रार मात्र वेगळी होती. त्या घरातला गीझर रोज सकाळी आंघोळ चालू असताना मध्येच विझत असे आणि दुपारी तोच गीझर कितीही वेळ चालवला तरी विझत नसे. आधीच्या कारागिराने ज्योत पेटली आहे की नाही हे ओळखणारी सेन्सर पिन आणि ठिणगी देणारी पेटी, दोन्ही बदलून पाहिली होती. त्याने काहीच फरक पडला नव्हता.

मी पहिल्यांदा गेलो तो दुपारीच. स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत भिंतीवर बसवलेला सहा लिटरचा गीझर, पाइपच्या गॅसवर चालणारा, त्याचा फ्ल्यू पाइप, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारी नळी, काचेला पाडलेल्या भोकातून बाहेर काढलेला. गॅसचा दाब २१ मिलिबारच्या आसपास, म्हणजे हवा तितकाच होता. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, पाइपच्या गॅसचेच होते. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आलेल्या घरांत ते बदलायचे राहून जातात, म्हणून मी ते उघडून पाहतोच. ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या तांब्याच्या पात्यांमध्ये, म्हणजे फिनमध्ये, काजळी नव्हती आणि ज्योत स्वच्छ निळी होती. यंत्रात काढण्याजोगा एकही दोष नव्हता. अशा वेळी एखादा सुटा भाग बदलून निघून जाण्याचा मोह होतो, पण सकाळी येणारा दोष सकाळीच पाहायला हवा, असे त्या घरातल्या काकांना सांगून मी दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास यायचे ठरवले.

त्या सकाळी घराचे रूप दुपारपेक्षा निराळे होते. बाहेरच्या बांधकामांची धूळ आणि थंडी यांमुळे हॉलच्या व खोल्यांच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, ड्राय बाल्कनीच्या सरकत्या काचा घट्ट लावलेल्या होत्या आणि काकू डब्याच्या भाजीला फोडणी देत असल्याने स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगाने चालू होती. त्यांना बसायला सांगितले तर म्हणाल्या, "अहो, सकाळी डोकं धरतं माझं, मळमळतंही. पित्तच आहे ते, दुपारी बरं वाटतं." गीझर सकाळी विझतो आणि काकूंचे डोके सकाळीच दुखते, ही दोन वाक्ये एकापुढे एक ऐकल्यावर माझे गीझरवरचे लक्ष उडाले आणि मी घरातल्या हवेकडे पाहू लागलो.

गीझर बंद ठेवून मी देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली आणि ती गीझरच्या वरच्या फटीजवळ धरली. धूर फ्ल्यू पाइपमध्ये वर जायला हवा होता. तो सरळ खाली वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे धावू लागला. काकांना चिमणी बंद करायला सांगितली, तेव्हा काही क्षणांत धूर शांतपणे वर चढला. पुन्हा चालू केली, पुन्हा खाली आला. त्या चिमणीची क्षमता ताशी १२०० घनमीटर हवा ओढण्याची होती. तेवढी हवा बाहेर फेकायची तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी, आणि सगळे बंद असलेल्या त्या घरात बाहेरची हवा आत यायला एकच मोकळी वाट उरली होती, ती म्हणजे फ्ल्यू पाइप. जळलेला वायू बाहेर जाण्याऐवजी गीझरभोवतीच कोंडत होता. एक घनमीटर नैसर्गिक वायू नीट जळायला साडेनऊ घनमीटरच्या आसपास ताजी हवा लागते. बर्नरला आपलाच धूर परत मिळू लागला की ज्योत पिवळी पडते, डळमळते, सेन्सर पिनपासून सुटते आणि यंत्र गॅस तोडते. म्हणजे ते विझणे हा यंत्राने दिलेला इशारा होता.

मग थोडा वेळ गीझर चालवून कार्बन मोनॉक्साइडचा मीटर लावला. बाल्कनीत आकडा बघता बघता दशलक्षात १८० भागांवर गेला आणि ओट्याजवळ, काकू उभ्या असत तिथे, शंभरी ओलांडली. मी गीझर आणि गॅसचा कॉक बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. पाइपच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला कसलाच वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. काकांनी कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आणून काकूंच्या बोटाला लावला आणि ९८ आकडा पाहून त्यांना हायसे वाटले. त्यांचा तो दिलासा मला मोडावा लागला, कारण साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्तच समजतो. रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि मोकळ्या हवेत काही तासांत प्रमाण उतरत जात असल्याने ती लगेच करावी लागते. तेव्हा त्यांना तसेच रुग्णालयात पाठवले आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी मीटरवरचे आकडे एका कागदावर लिहून दिले. तपासणीत प्रमाण वाढलेले निघाले आणि त्यांना काही तास ऑक्सिजन देऊन घरी सोडले.

गीझरमध्ये मी एकही भाग बदलला नाही. बाल्कनीच्या काचांपैकी वरची आणि खालची अशा दोन पट्ट्या काढून तिथे बंद न करता येणाऱ्या झडपा बसवून घेतल्या आणि त्यानंतरच, चिमणी पूर्ण वेगात ठेवून, उदबत्ती व मीटर यांची चाचणी पुन्हा केली. धूर वर गेला, मीटर शून्यावर राहिला. तरीही आंघोळीच्या वेळी स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांमधले दार लावून घ्यायला सांगितले.

त्या इमारतीत एकाखाली एक असलेल्या सगळ्या घरांची रचना तीच, बाल्कन्याही बऱ्याच जणांनी काचा लावून बंद केलेल्या. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून हे सगळे सांगितले आणि पुढच्या रविवारी सकाळीच, चिमण्या चालू ठेवून, ज्यांच्याकडे गॅस गीझर आहेत त्या घरांची पाहणी केली. आणखी दोन घरांत उदबत्तीचा धूर खाली आला. त्यांतल्या एका घरात तान्हे बाळ होते. तिथला कॉक मी त्याच क्षणी बंद केला आणि झडपा बसेपर्यंत पाणी शेगडीवर तापवायला सांगितले.