पाऊस पडावा, पण तिकडे

ज्येष्ठातल्या एका दुपारी एका दुकानापुढे मी उगाच रेंगाळलो होतो. दुकानदार भल्या मोठ्या गुंडाळीतून प्लॅस्टिकचा कागद कापून देत होता आणि पुढे उभे असलेले धोतर-टोपीतले गृहस्थ त्याला दोन्ही हात पसरून मृदंगाचे माप दाखवत होते. "आणि तुम्हाला?" असे त्याने विचारल्यावर त्यांनी खाली पडलेल्या तुकड्याकडे बोट केले, "तेवढा पुरंल" म्हणाले आणि कमरेच्या पिशवीतून पैसे काढले.

वारीच्या वाटेवर सर आली की आधी काय झाकायचे, याचा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. आधी वीणा, मग मृदंग, मग हरिपाठाची पिशवी आणि कागद उरलाच तर डोके. वीणा खाली ठेवायची नसते. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, त्यामुळे वीणेकरी स्वतः नखशिखान्त भिजलेला आणि वीणा मात्र गुंडाळून कोरडी, हे दृश्य दर दिंडीत दिसते. मृदंगाचे दुखणे आणखी नाजूक. ओल लागली की पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, सैल पडून आवाज उतरतो, आणि डाव्या अंगाला लावलेली कणीक भिजली की ती बोटांना चिकटून येते. मग मृदंगवादक कागदाच्या आत हात घालून वाजवू लागतो आणि बाहेर नुसती धप्‌धप्‌ ऐकू येते. टाळांना मात्र पावसाचे काही सोयरसुतक नसते.

या सगळ्यात छत्री कुठेच बसत नाही, याचे मला मनापासून समाधान आहे. दोन्ही हातांत टाळ असताना ती धरायची कशी, हा एक प्रश्न. आणि ओळीने चालताना तिची काडी शेजारच्या माउलींच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते, हा दुसरा. तरीही शहरातून एक दिवसासाठी दिवे घाट चढायला आलेली मंडळी हमखास छत्र्या आणतात. मस्तानी तलाव खाली राहिला की घाटातला वारा त्या उलट्या करतो, आणि मला त्याचा जो आनंद होतो तो वारकऱ्याला शोभणारा नाही.

माझे आजोळ सासवडचे. पुण्याहून सासवड हा टप्पा लांबलचक, मध्ये घाट, आणि त्याच दिवशी बहुधा एकादशी. म्हणजे उपाशीपोटी चढण चढून माणसे संध्याकाळी गावात उतरायची. पाऊस असला तर तळावर राहुट्यांच्या खुंट्या ओल्या मातीत धरत नसत, भोवती चर खणावे लागत, आणि मग दिंड्यांतली म्हातारी माणसे आडोसा शोधत आमच्या ओटीवर येत. आजी कुणाचे नावगाव विचारत नसे. ती माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुंभाची दोरी बांधायची आणि त्यावर धोतरे, लुगडी, पटके पडायचे. घोंगडी दोरीवर टाकता येत नसत, कारण भिजलेल्या घोंगडीच्या वजनाने दोरीच खाली येई. ती चुलीमागच्या उतरंडीला टेकवून ठेवत. रात्रभर त्यांतून पाणी ठिबके आणि घरभर ओल्या लोकरीचा असा वास सुटे की आम्हां मुलांना झोप लागत नसे. आजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढत असताना ओटीवर एकच विषय चाललेला असे, तो म्हणजे कुणाच्या गावाला किती पडला. पांडुरंगाचे नाव त्या बोलण्यात फारसे येत नसे.

हे बोलणे मला कळले ते फार पुढे, स्वतः चालू लागल्यावर. एका वर्षी घाटात धो धो पावसात शेजारून परभणीकडचे एक शेतकरी चालत होते. "भारी लागलाय," असे मी जरा त्रासिकपणेच म्हणालो. त्यांनी कपाळावरचे पाणी निपटले. "इथं पडून काय उपयोग, माउली? तिकडं पड म्हणावं त्याला." मृगाच्या भरवशावर पेरून ते निघाले होते, मागे पोरगा होता, आणि तळावर पोचल्यावर घरी लावलेल्या फोनवर त्यांचा पहिला शब्द "पडला का?" हाच असे. चांगली मंडळी चालता चालता खिशातला फोन काढून ढगांचा नकाशा पाहतात, अंगावर सर कोसळत असताना दोनशे कोस पलीकडचे ढग शोधतात.

बरे, लवकर आला म्हणजे भले झाले असेही नाही. २०२३ साली आळंदीहून ११ जूनला निघालेली पालखी कोरड्या उन्हात चालली आणि मोसमी पावसाने मुंबई गाठली ती थेट २५ जूनला. २०२५ साली तोच पाऊस २६ मेलाच मुंबईत हजर झाला, तेव्हा वारीतली कुरकुर वेगळी होती: जमिनीला वाफसा येईना, म्हणजे ती पेरणीजोगी सुकेना, मग पेरणीची पाभर घालायची कधी?

जेजुरी, वाल्हे मागे पडले, नीरेच्या पात्रात पादुकांचे स्नान झाले की पुढचा मुलूख पर्जन्यछायेचा. लोणंद, फलटण, माळशिरस. ढग डोक्यावरून जातात, पडत नाहीत. तिथे शेजारच्यांची मान आपोआप वर जाते. मला शेत नाही. पाऊस थांबला म्हणजे माझ्या बोटांच्या बेचक्यांतली पांढरी पडलेली कातडी सुकते आणि चपला पुन्हा पायांत टिकतात, एवढाच माझा हिशेब. त्यामुळे लोणंदच्या पुढे मला हायसे वाटते. फक्त ते मोठ्याने म्हणत नाही.