इकडे बघ, इकडे बघ!

काल दुपारी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होते. खाली सोसायटीच्या बागेत एका बाळाचं फोटोशूट चाललं होतं. बाळ असेल वर्षाचं. वेताच्या टोपलीत बसवलेलं, डोक्याला जरीचा फेटा आणि फोटोग्राफरच्या पाठीमागे अख्खं घराणं. कुणी किल्ल्या वाजवतंय, आजी टाळ्या पिटतायत, मावशी असावी ती चक्क भुंकत होती. सगळ्यांचा एकच घोष : इकडे बघ, इकडे बघ! बाळ फेट्याचा शेमला चोखत गवतातल्या मुंगळ्याकडे बघत होतं. माझ्या मते फोटो तोच होता. पण विचारतंय कोण?

मुलांना ‘हस’ म्हणून दरडावणाऱ्यांशी माझं जुनं वैर आहे. ‘हस म्हटलं ना! एक देऊ का ठेवून?’ हे वाक्य मी फोटोच्या वेळीच सर्वांत जास्त ऐकलंय.

पूर्वी म्हणे याहून कठीण होतं. एकोणिसाव्या शतकात, फोटोग्राफी नवी असताना, एकेका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. तेवढा वेळ पोर स्थिर कसं राहणार? मग आईच खुर्ची व्हायची. अंगावरून चादर नाहीतर पडदा ओढून बसायचं आणि मांडीवर मूल. इंग्लंड-अमेरिकेतले तसले फोटो पाहिलेत मी. बाळ टुकूटुकू बघतंय आणि मागच्या पडद्याला खांदे आहेत! एखाद्या फोटोत तर कापडातून नुसता हात बाहेर. आपली आई निदान फोटोग्राफरच्या मागे उघडपणे नाचते तरी.

आमच्याकडे काकांचा ॲग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये 12 फोटो. त्यातले दोन-तीन सत्यनारायणाला राखून ठेवलेले, त्यामुळे आमच्या वाट्याला आलेल्या एकेका फोटोला परीक्षेचं गांभीर्य. फ्लॅश नव्हता. मग मिरजेच्या अंगणात भर उन्हात रांग. ऊन काकांच्या पाठीवर, म्हणजे आमच्या डोळ्यांत. ‘कुणी हलायचं नाही, रोल फुकट येत नाही.’ त्या आल्बममध्ये आम्ही सगळी भावंडं कपाळाला आठ्या घालून उभी आहोत. नवीन सून आल्बम चाळताना म्हणाली, ‘तुमच्याकडे सगळेच जरा तापट दिसतात.’ आता तिला ऊन कुठून दाखवणार?

त्या आल्बममध्ये खरं हसणारं एकच पान आहे. धाकट्या भावाचं बोरनहाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचे बाजूबंद, हातात हलव्याचीच बासरी. पहिल्या फोटोत तो पाटावर भोकाड पसरून बसलाय, कारण मुकुट टोचतोय आणि आजूबाजूला वीस अनोळखी बायका. औक्षण झालं, आईनं डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा, गोळ्या ओतल्या आणि गल्लीतली सगळी पोरं एकदम तुटून पडली. कुणी कुणाच्या पाठीवर, कुणाचा फ्रॉक गोळ्यांनी भरलेला, आणि मधोमध हा पठ्ठ्या बासरीचं टोक कुरतडत खदखदा हसतोय. कॅमेऱ्याकडे एकाचंही तोंड नाही. माझी तर फक्त वेणी आलीये.

मोठ्यांनी एवढं जमवलं आणि पोरांनी स्वतःच्या कामाला सुरुवात केली, की फोटो आपोआप निघतो. हल्ली तर रोलचीही चिंता नाही. तरीसुद्धा भाचीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे असं ठरलं. फिक्का गुलाबी. माझ्या मेहुण्यांना फिक्का गुलाबी! केक समोर ठेवून पोरीला तो खाऊ द्यायचा नाही, कारण आधी फोटो. तिनं तोंड फुगवलं ते फुगवलंच. शेवटी मी तिच्या हातात माझा मोबाइल दिला. म्हटलं, तूच काढ बाई आमचे.

मग काय, सूत्रं तिच्याकडे. ‘आजोबा, हसा! नीट हसा! मावशी, पोट आत!’ आजोबांनी आज्ञाधारकपणे कवळी दाखवली आणि सगळेच फिसकन हसले. फोटो बघितले तर निम्म्यात आमचे गुडघे आणि एकात पंखा. पण एकात आजोबा आहेत, खालून काढलेले, नाकपुड्यांसकट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना. माणूस उभ्या आयुष्यात फोटोसाठी हसला नव्हता. आधारकार्डावर तर ते फरारी आरोपी दिसतात.

तो फोटो छापून घ्यायचाय. बहीण दर आठवड्याला आठवण करते, मी दर आठवड्याला हो म्हणते. तिकडे मेहुण्यांना त्यांचा गुलाबी फोटो डिलीट करून हवाय, तेही अजून झालेलं नाही.